साच्याबरोबर काय पाठवायचं

स्टीलची वाटी तुम्ही रोज हातात घेता. ती उलटी करून नीट बघा, कुठे सांधा सापडतो का. नाही सापडणार. पत्र्याची सपाट गोल चकती घेऊन ती एका दाबात खोलगट केलेली असते. या एका दाबात माझी सदतीस वर्षं गेली. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत मी डायसेटर होतो. आम्ही वाट्या काढत नव्हतो, कॉम्प्रेसरला लागणारे फिल्टरचे डबे काढायचो, पण तत्त्व तेच.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कामगार चळवळीतल्या आठवणी' मागितल्या तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. संप, मोर्चे, लाठ्या हे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक जण आपल्या लेखात सगळ्यात पुढे असतो. मी बहुतेक वेळा मागे असायचो, पाण्याचे जार आणि लोकांच्या चपला सांभाळत. मग संपादक म्हणाले, "तुम्ही रविवारी साम्राज्यवादावर अभ्यासवर्ग घेता म्हणे. त्यावर लिहा." म्हटलं, लिहितो, पण त्यात माझीच फजिती आहे. ते म्हणाले, मग तर लिहाच.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खाली डाय म्हणजे साचा, मध्ये पत्र्याची चकती, वरून पंच म्हणजे लोखंडी ठोकळा. पंच चकतीला ढकलत साच्यात नेतो. तो खाली येत असताना चकतीची कडा एका जाड कडीनं दाबून धरावी लागते. कडी सैल राहिली तर डब्याला सुरकुत्या पडतात. जास्त आवळली तर पत्रा सरकत नाही आणि डबा बुडाशी फाटतो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, ती सापडली की डबा सुरेख येतो. कडीचा दाब दाखवायला प्रेसवर काटा असतो. आता तुम्ही म्हणाल, मग काट्याचा आकडा लिहून ठेवा की, झालं. तसं होत नाही. पत्र्याचा नवा लॉट आला की तो आकडा बदलतो. पौषात पहिल्या पाळीला तेल थिजलेलं असतं, तेव्हा वेगळा. दुपारी वेगळा. डायसेटर म्हणजे हा आकडा डबा बघून ओळखणारा माणूस.

मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा आमच्या कंपनीनं युरोपातल्या एका मोठ्या कंपनीशी करार केला. तिकडून डाय आल्या, ड्रॉइंग आली, वीटभर जाडीचं पुस्तक आलं आणि एक साहेब आला. साहेब भला माणूस होता. मिसळ खायचा, नाक लाल व्हायचं, तरी खायचा. पण प्रेस सेट करायची वेळ आली की चकत्यांना तेल स्वतःच आत जाऊन लावून आणायचा, खिशातून निळ्या चौकडीचा रुमाल काढायचा आणि काट्यावर टाकायचा. सेटिंग झालं, डबे सुरेख यायला लागले, की चाव्या फिरवून सगळं पुन्हा सैल करायचा आणि मगच रुमाल खिशात. आम्ही त्याला रुमालवाला म्हणायचो. तो परत गेला आणि आमचे डबे फाटायला लागले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं करत होतो आणि रोज भंगाराचा ढीग वाढत होता. वरचे साहेब म्हणायचे, इंडियन लोकांना जमत नाही. मला आजही ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी ते जमवलं कोणी, तर बाळू भोयेनं, आणि तेही चुकून. बाळू सुरगाण्याकडचा, डोंगरातला. हेल्पर म्हणून नवा लागला होता. चकतीला दोन्ही बाजूंनी तेल लावा असं पुस्तकात होतं. एके दिवशी बाळूनं वरच्या बाजूला नुसता कडेकडेनं बोळा फिरवला आणि मधला भाग कोरडाच ठेवला. मी शिव्या घालायला गेलो. तोंड उघडलं, आणि समोर डबा आला तो अखंड. दुसरा अखंड. तिसरा अखंड. पंच जिथे टेकतो तिथे तेल असलं की पंच घसरतो आणि बुडाचा पत्रा ताणला जाऊन फाटतो. तिथे कोरडं हवं, म्हणजे पंचाची पकड राहते. बाळूला विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "मधी कशाला वाया घालवायचं? तिथनं काय सरकायचंच नाय." आम्ही इंजिनिअरिंगची पुस्तकं उलटीसुलटी करत होतो आणि या गड्यानं तेल वाचवता वाचवता कंपनी वाचवली. पुस्तकात ते कधीच दुरुस्त झालं नाही. आमच्या हातात राहिलं.

बाळू पुढे माझा मित्र झाला, मग युनियनचा सेक्रेटरी झाला. तो मला भाऊ म्हणतो, मी त्याला अरेतुरे करतो.

आता अभ्यासवर्ग. दर रविवारी सकाळी समाजमंदिरात आम्ही पंचवीस-तीस जण बसायचो, अजून बसतो. मी ड्रॉइंगच्या कागदाच्या मागे जगाचा नकाशा काढलेला होता, त्यावर लाल बाण. मार्क्सवाद्यांमध्ये या विषयात दोन घराणी आहेत, गाण्यात असतात तशी. एक म्हणतं, भांडवल जिथे जातं तिथलं जुनं मोडतं आणि नवं उभं करतं. आगगाडी येते, कारखाना येतो, कामगार तयार होतो आणि गरीब देशही हळूहळू त्याच वाटेनं वर येतो. दुसरं म्हणतं, कसलं काय. गरीब देश मागे राहिलेले नाहीत, त्यांना मागे ठेवलेलं आहे. माती आणि हात इथले, डोकं आणि मालकी तिथली, आणि कमाई जाते एकाच दिशेला. मी दुसऱ्या घराण्याचा. पण पहिल्यालाही अगदी उडवून लावता येत नाही, कारण सातपूरला कारखाना आला नसता तर मी आमच्या बागलाणात, नामपूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवत बसलो असतो.

मी हे तावातावानं सांगायचो आणि उदाहरण ठरलेलं असायचं, रुमालवाला. श्रीमंत देश गरीब देशाला यंत्र विकतात, अक्कल विकत नाहीत. आपण कायम त्यांच्या दारात उभे राहावं म्हणून मुद्दाम अर्धं देतात. लोक माना डोलवायचे. फक्त बाळू एकदा मागून म्हणाला, "भाऊ, तुमचा बाण लय लांबनं येतोय. आमच्या डोंगरातनं पोरं द्राक्षं छाटायला खाली येत्यात, सागवान खाली आलं, पाणी खाली आलं. आम्हाला तुमचं नाशिकच युरोप हाय." सगळे हसले. मीही हसलो आणि नकाशावर सुरगाण्यापासून नाशिकपर्यंत एक छोटा बाण काढला. वर्ग मजेत चालला होता.

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली असताना बातमी आली. डब्यांची मोठी लाइन इथून हलणार, इथिओपियाला जाणार. तिकडे मजुरी आपल्याहून कमी. सगळ्या डाय पेटीत भरून जाणार आणि त्याआधी तिकडचे तीन जण इथे शिकायला येणार, महिनाभर. शिकवणार कोण, तर मी. महिनाअखेर त्यांची चाचणी. त्यांनी सलग डबे अखंड काढून दाखवले तर लाइन रवाना.

त्या लाइनवर चाळीस माणसं होती. निम्मी कायम, निम्मी कंत्राटी.

समितीची बैठक झाली. बाळू म्हणाला, "त्यांना जमलं नाय तर लाइन जायाची नाय. पुस्तकात लिवलंय तेवढं शिकवा, भाऊ. हातातलं द्यायचं नाय." सगळे हो म्हणाले. मीही हो म्हणालो. चाळीस घरांचा प्रश्न होता, आणि मधल्या कोरड्या जागेवर तर बाळूचाच हक्क होता. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे कबूल करतो.

आले ते दोन तरुण आणि एक बाई. बाईचं नाव हिवोत. पस्तिशीची असेल. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, बोटं डायसेटरसारखीच काळपट. सहा वर्षांची मुलगी बहिणीकडे ठेवून आली होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं फार छान जमलं. चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस असता तर मला घाम फुटला असता. खाली तिचं बोलणं मी मराठीत देतोय.

मी पुस्तकाप्रमाणे शिकवायला लागलो. दोन्ही बाजूंना तेल, हा आकडा, हे बटन. तिघांचे डबे फाटायला लागले. मी केलं की अखंड, कारण माझी चकती मी त्यांच्या नकळत मध्ये पुसून घ्यायचो; त्यांनी केलं की फाटलेलं. दोन्ही तरुण पोरं हिरमुसून बसायची. हिवोत मात्र एकही फाटका डबा भंगारात टाकू द्यायची नाही. बाकावर ओळीनं मांडायची आणि खडूनं त्यावर काहीतरी लिहायची. जेवणाच्या सुट्टीत ती त्या ओळीसमोर बसून खायची.

दहा दिवस असे गेले. मी घरी येऊन नीट जेवत नव्हतो. सुमन, माझी बायको, बागलाणातलीच, घरात आम्ही अहिराणी बोलतो. तिनं दोन-तीनदा विचारलं. शेवटी मी सांगितलं. ती चपात्या लाटत होती, लाटता लाटता म्हणाली, "मंग तू बी रुमालवालाच ना." बाईमाणसाशी काय बोलायचं, असं पुटपुटून मी बाहेर गेलो. पण ते लागलं ते लागलंच.

अकराव्या दिवशी सकाळी मी प्रेस सेट करत होतो. हिवोत म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा." मी झालो. ती मी उभा होतो तिथे जाऊन उभी राहिली, माझ्यासारखीच खांदा थोडा तिरका करून. मग म्हणाली, "तुम्ही रोज असे उभे राहता. इथून काटा कुणाला दिसत नाही."

मला कळलंच नव्हतं. रुमाल नव्हता, पण पाठ होती. दहा दिवस मी माझ्या पाठीनं काटा झाकत होतो. 

मी काही बोलायच्या आत तिनं मला त्या फाटक्या डब्यांच्या ओळीपाशी नेलं. म्हणाली, "पत्रा तोच, डाय तीच, पुस्तक तेच. तुमचा फाटत नाही, माझा फाटतो. म्हणजे पुस्तकात सगळं नाही." मग तिनं जे विचारलं ते आमच्या अख्ख्या समितीत कुणाला सुचलं नव्हतं. म्हणाली, "मी नापास झाले तर तुमच्या माणसांचं काम राहील का? खरं सांगा. राहणार असेल तर मी शिकणार नाही. घरी जाऊन सांगेन, मला जमलं नाही."

 ती नापास झाली असती तर तिची नोकरी जाणार होती. पोरीसाठीच घेतलेली ती नोकरी. आणि ती अगदी सरळ विचारत होती, बस कुठून सुटते असं विचारावं तसं.

पंचवीस वर्षं मी या विषयावर वर्ग घेतलेत. भांडवल कुठे थांबतं, कशानं हलतं, हे मला पाठ होतं. इथिओपियाला जमलं नाही तर ते दुसरीकडे जाणार, आणखी स्वस्त हात शोधणार. कुणी तिघं नापास झाली म्हणून ते सातपूरला बसून राहणार नव्हतं. हे मी रविवारी सांगत होतो आणि सोमवारी विसरत होतो. समितीत हो म्हणताना मी एकदाही माझ्याच नकाशाकडे बघितलं नव्हतं.

"नाही राहणार," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली. मी खिशातून सुकं फडकं काढून तिच्या हातात दिलं आणि तेल लावलेल्या चकतीवर बोट ठेवलं. "मध्ये पूस. वरची बाजू. कडेला राहू दे." तिनं पुसलं. मी बाजूला झालो, अगदी तीन पावलं. तिनं दोन्ही हातांनी बटनं दाबली. डबा अखंड आला.

ती डबा फिरवून फिरवून बघत राहिली. त्या दिवशी मग मी काही राखून ठेवलं नाही. डब्याचा उरलेला काठ बघायचा, ज्या बाजूला काठ जास्त उरलाय तिथे कडी जास्त दाबतेय, मग समोरच्या बाजूला शिम, म्हणजे पत्र्याची पातळ पट्टी, सरकवायची. साच्याचा गोलावा घासायचा तो पत्रा ज्या दिशेनं आत जातो त्या दिशेनं, गोल गोल नाही. दोन्ही हात बटनांवर असल्याशिवाय प्रेस चालू होता कामा नये, नाहीतर मोकळा हात पंचाखाली जातो, आणि कुणी एक बटन पट्टीनं बांधून ठेवायला सांगितलं तर काम बंद करायचं. ते शेवटचं मी तिला तीनदा म्हणायला लावलं.

संध्याकाळी बाळूला जाऊन मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. तो टपरीवर उभा होता. ऐकून त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "भाऊ, तुम्ही चाळीस चुलींत पाणी ओतलं."

मी म्हणालो, "बाळू, लाइन तशीही जाणारच होती."

"जाणार व्हती तर आपल्या हातानं नको व्हती जायाला. आन ते माझं व्हतं. मला इचारायचं तरी."

  विचारायला हवं होतं. त्यानंतर तो वर्गाला यायचा बंद झाला, माझ्याशी बोलायचाही. समितीनं मला बोलावून खडसावलं आणि एकानं तर 'मॅनेजमेंटचा माणूस' असंही म्हणून घेतलं. इतक्या वर्षांत ते एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

सुमन म्हणाली, "जेवाले बलाव तिले." हिवोत घरी आली. सोबत कॉफीच्या हिरव्या बिया घेऊन आली आणि सुमनच्या तव्यावर भाजायला बसली. वासानं चाळीतली चार माणसं काय जळतंय म्हणून बघायला आली आणि कॉफी पिऊनच गेली. सुमन आणि ती तासभर बोलत होत्या, एक अहिराणीत, दुसरी तिच्या भाषेत. मला मध्ये बोलूच दिलं नाही.

चाचणीत तिघंही पास झाली. पेट्या भरल्या. कायमच्यांपैकी काही जण लहान डब्यांच्या लाइनवर गेले, काहींनी पैसे घेऊन घर गाठलं. कंत्राटी घरी गेले. त्यातला एक जण आता गंगापूर रोडला एका सोसायटीच्या गेटवर शिट्टी घेऊन बसलेला असतो. मला बघून उठून उभा राहतो. राहू नये असं वाटतं, पण राहतो. मी केलं ते चूक नव्हतं असं मी स्वतःला कितीही समजावलं तरी त्या गेटवरून जायचं मी टाळतो.

मी निवृत्त झालो. वर्ग चालू ठेवला, पण रुमालवाल्याची गोष्ट सांगणं सोडून दिलं. सांगायला लागलो की जीभ अडखळायची.

एका सकाळी फोनवर हिवोतचा निरोप आला. वाढदिवसाच्या, सणाच्या शुभेच्छा यायच्याच अधूनमधून, मला वाटलं तसलंच काही. उघडलं तर लिहिलं होतं: 'सर, नाशिकला एका पाळीत किती डबे काढायचात? इथले मॅनेजर म्हणतात, नाशिकचे लोक चौदाशे काढायचे, तुम्ही सातशे काढता, आळशी आहात. चौदाशे काढायचे म्हणून एक बटन बांधायला सांगतायत. आम्ही नाही म्हणालो. काम जाईल म्हणतात.'

चौदाशे आम्ही कधी स्वप्नातही काढले नव्हते. नऊशे हा आमचा युनियननं सही करून घेतलेला आकडा. पण माझ्या शब्दाला तिकडे कोण विचारणार? सहीशिक्क्याचा करार हवा, आणि तो होता बाळूच्या कपाटात. मी पायात चपला सरकवल्या आणि चुंचाळ्याला त्याच्या घरी गेलो. दोन-तीन वर्षांनी जात होतो.

त्यानं दार उघडलं, आत ये म्हणाला नाही, पण दारातून बाजूलाही झाला. मी बसलो, फोन त्याच्या हातात दिला. बाळूनं ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग परत वाचलं. मग चष्मा काढून फोन मांडीवर ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाऊ, काल मॅनेजर मला काय म्हणला ठाव हाय? लहान डब्यांची लाइन वाढवून द्या. आफ्रिकेत एका पाळीत चौदाशे काढत्यात, तुम्ही नऊशेवर अडून बसलाय. नाय वाढवलं तर हीबी लाइन जाईल."

तिला सांगितलं, नाशिकला चौदाशे. आम्हाला सांगितलं, तिकडे चौदाशे. चौदाशे डबे कुठेच नव्हते.  मग बाळूला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. त्याची बायको आतून बघायला आली.

त्या रविवारी समाजमंदिरात फोन भिंतीला टेकवून उभा केला. तिकडे हिवोत आणि तिच्या मागे पंधरा-वीस बाया, सगळ्यांच्या डोक्याला रुमाल. बाळू पुढे झाला. त्याचं इंग्रजी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. "ताई, यू, वन शिफ्ट, हाऊ मेनी?" तिनं सात बोटं दाखवली. मग बाळूनं करार कॅमेऱ्यासमोर धरला आणि आकड्यावर बोट ठेवून उभा राहिला. तिकडच्या बायांमध्ये कुजबुज झाली, मग एक जण काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. हिवोतनं सांगितलं, ती म्हणतेय, हे लोक दोन्हीकडे एकच साबण विकतात, फेस मात्र कुठेच नाही.

तिनं त्यांच्या फळ्यावरच्या रोजच्या आकड्यांचे फोटो पाठवले, बाळूनं कराराची सहीची पानं पाठवली. फोन बंद करायच्या आधी तिनं विचारलं, तुमच्या वर्गात आज विषय काय? मी म्हणालो, साम्राज्यवाद. ती म्हणाली, "ते आम्हाला माहीत आहे सर. पुढचं सांगा." वर्गात एवढा हशा मी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या बैठकीत मॅनेजरनं पुन्हा चौदाशेची पट्टी लावली तेव्हा बाळूनं फळ्याचे फोटो टेबलावर ठेवले. म्हणाला, "साहेब, ही कालची पाळी. तिकडच्या ताईंनीच पाठवली." मॅनेजर म्हणाले, वरून आकडा आला होता, बघून सांगतो. अजून बघतायत. आमचे नऊशे नऊशेच राहिले. तिकडे बटन बांधायचं कुणी पुन्हा म्हणालं नाही. बस, एवढंच. क्रांती झाली नाही. कमाईचा बाण अजून त्याच दिशेला जातो. पण नकाशावर इथून तिथे आणि तिथून इथे जाणारी एक रेघ मी आता काढतो, आणि ती काढताना मला कुणाचं पुस्तक उघडावं लागत नाही.

गेल्या महिन्यात बाळू घरी आला. हातात आंब्याचं लोणचं, बायकोनं पाठवलेलं. बसला, पाणी प्याला. कंपनी लहान डब्यांच्या डायची दुसरी जोडी बनवतेय म्हणाला, मोझांबिकला पाठवायला. इथली लाइन राहणार की जाणार, कुणी सांगत नाही. शिकायला चार माणसं येणार आहेत, दिवाळीनंतर.

मी जरा सावरून बसलो. "मग समितीनं काय ठरवलं?"

"सगळं दाखवायचं. पयल्याच दिवशी, मधल्या कोरड्या जागेपास्नं." त्यानं खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर देवनागरीत इंग्रजी शब्द लिहून आणले होते, ड्राय, मिडल, वाइप. "हे बरोबर लिवलंय का तेवढं बघा, भाऊ. या वेळी मी शिकवणार हाय."